चिठ्ठी खिशातच राहिली: एका फसलेल्या रहस्यकादंबरीचं प्रकरण

गावाचं, माणसांचं आणि पुस्तकाचं नाव मुद्दाम गाळलं आहे. लेखक सज्जन आहेत, आणि या प्रकरणात चुकलं ते फक्त त्यांचंच असंही नाही.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं आमचं सार्वजनिक वाचनालय ‘ब’ वर्गातलं आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता, हप्त्याहप्त्याने येणारं अनुदान, आणि पावसाळ्यात गळणारी मागची खोली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे वाचनकट्टा भरतो. चौदा-पंधरा माणसं, एक पुस्तक, दोन वेळा चहा. मी शाळेत मराठी शिकवते आणि कट्ट्याची निमंत्रक आहे.

रहस्यकथा आमच्याकडे जुन्या लाडाची. बाबूराव अर्नाळकरांची पुठ्ठे उडालेली, पुन्हा बांधलेली पुस्तकं अजून एका कपाटात आहेत. ‘झुंजार’ किंवा ‘काळापहाड’ या त्यांच्या नायकांचं नुसतं नाव घेतलं की साठीपुढची मंडळी शाळा बुडवून आलेल्या पोरांसारखी दिसायला लागतात. त्यामुळे मूळच्या आपल्याच गावच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी रहस्यकादंबरी लिहिली आहे हे कळल्यावर कट्ट्यावर जो आनंद झाला, त्याला कारण होतं. लेखक आमच्या कार्यकारिणीतल्या एका सदस्याचे मेहुणे. पुस्तक स्वखर्चाने छापलेलं. छापील किंमत ३८०, प्रकाशनपूर्व सवलतीत २५०.

आम्ही वीस प्रती मागवल्या. पाच वाचनालयाच्या ग्रंथखरेदीतून, पंधरा सभासदांच्या वर्गणीतून. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ‘लेखक आपल्या भेटीला’ ठरलं आणि पत्रिकाही छापायला गेली. तोपर्यंत आमच्यापैकी एकानेही पुस्तकाचं एक पान वाचलेलं नव्हतं. या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो निर्णय आहे असं त्या वेळी कुणालाच वाटलं नाही.

पुस्तक

२८६ पानं. साखर कारखान्याचे एक वयोवृद्ध संचालक आपल्या वाड्यात मरून पडलेले सापडतात. शेजारी अर्धा खाल्लेला पेढा. तपास करतो एक निलंबित इन्स्पेक्टर, आणि गोष्ट तोच ‘मी’ म्हणून सांगतो. संशयित पाच: दोन मुलगे, सून, दिवाणजी आणि एक शिक्षक. साहित्य चांगलं होतं, हे आजही म्हणेन. वाडा, ऊस, भाऊबंदकी, जुनी वाटणी. आमच्या भागात अशा घरांत डोकावून बघायची कुणाला हौस नसते!

पान ६१ वर इन्स्पेक्टरला मयताच्या कोटाच्या अस्तरात एक चिठ्ठी सापडते. ‘मी ती वाचली. माझ्या पायाखालची जमीन सरकली. घडी घालून मी ती खिशात ठेवली,’ असं तो सांगतो. चिठ्ठीत काय होतं ते वाचकाला कळतं पान २७० वर. त्याच्या सहा पानं आधी, २६४ वर, खुनी पहिल्यांदा पुस्तकात पाऊल टाकतो. मयताच्या पहिल्या बायकोचा भाऊ, तीस वर्षं दुबईत असलेला. पहिली बायको होती हेही तिथेच कळतं.

अडचण

जानेवारीच्या अखेरीस प्रती आल्या. आमच्या ग्रंथपालबाई कामाला चोख. आल्या त्याच संध्याकाळी वाचनालयाच्या पाच प्रतींवर शिक्का बसला आणि दाखल नोंदवहीत अंक पडले. पुस्तक एकदा दाखल झालं की ते परत करणं म्हणजे निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदवहीतून काढून टाकण्याचा, ठराव आणि पुढचं सगळं रामायण. तो रस्ता तिथेच बंद झाला.

आठवडाभरात फोन सुरू झाले. ‘मॅडम, वाचलंत का?’ एवढं विचारून माणसं गप्प राहत. चौदापैकी अकरा जणांची निराशा झाली होती, दोघांनी अर्ध्यात सोडलं होतं, आणि एकाला आवडलं होतं. तो लेखकाचा भाचा. भेटीला पंधरा दिवस उरले होते. गाव लहान. लेखकांची बहीण रोज सकाळी मी घेते त्याच दुकानातून दूध घेते.

तातडीची बैठक बोलावली. तिथे फौजदारकाका वही घेऊन आले. काका निवृत्त सहायक पोलीस निरीक्षक, पण आमच्या गावात खाकीतला माणूस हुद्द्याने कुठेही पोचला तरी फौजदारच. वहीत सत्तावीस मुद्दे होते. पुढचा तास इतका रंगला की खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं.

काकांनी सुरुवात तारखेपासून केली. खून होतो १९ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री. ‘दुसऱ्या दिवशी, वीस तारखेला, विधानसभेचं मतदान होतं की नाही? त्या रात्री कारखान्याच्या संचालकाच्या वाड्यावर मुंगीला शिरायला जागा नसते. इथे म्हातारा एकटाच झोपाळ्यावर बसलाय. आणि हा इन्स्पेक्टर रात्री नऊ वाजता परमिट रूममध्ये पेग घेतोय! मतदान संपायच्या आधीचे अठ्ठेचाळीस तास दारूविक्री बंद असते. अख्खं पोलीस ठाणं बंदोबस्ताला, आणि यांच्या पुस्तकात सगळे हवालदार रिकामे.’ अख्ख्या कादंबरीत निवडणुकीचा उल्लेख नाही. लेखकांनी तारीख कॅलेंडरवर बोट ठेवून निवडली असावी.

मग ‘तीनशे दोन’. इन्स्पेक्टर प्रत्येक संशयिताला तीनशे दोनची भीती घालतो. पण १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि त्या तारखेनंतरच्या खुनाला कलम १०३ लागतं. ‘लोकांच्या तोंडी तीनशे दोन अजून वीस वर्षं राहील,’ काका म्हणाले, ‘पण फिर्यादीत नाही राहणार.’ पुस्तकात तर फिर्यादीतही होतं. जिल्ह्याला पोलीस अधीक्षक असताना पानोपानी ‘कमिशनर साहेब’ होते, ते वेगळंच.

विषाचं प्रकरण अधिक गमतीचं. पेढ्यात सायनाइड. म्हातारा पेढा खातो, देवळाच्या पायऱ्या चढतो, दिवा लावतो, खाली उतरून घरी येतो, थोरल्याला झापतो आणि मग मरतो. सायनाइडचा परिणाम काही मिनिटांत दिसायला लागतो, एवढा फेरफटका ते मारू देत नाही. पहाटे गावचा डॉक्टर येऊन प्रेताचा हात वाकवून बघतो आणि मृत्यूची वेळ सांगतो: ११ वाजून ४० मिनिटं. मरणोत्तर ताठरता आपल्या हवेत साधारण तासा-दोन तासांत दिसू लागते, बाराएक तासांत अंगभर पसरते, तेवढाच वेळ टिकते आणि मग उतरते. ऊन, थंडी, माणसाचं शरीर, सगळ्यांनी हा हिशोब हलतो. म्हणून कुठलाही शहाणा डॉक्टर ‘इतक्या ते इतक्याच्या दरम्यान’ म्हणतो. मिनिट सांगत नाही. व्हिसेराचा, म्हणजे प्रेतातून तपासणीसाठी काढलेल्या अवयवांचा, अहवाल तर दुपारच्या जेवणाआधी हजर! खरा व्हिसेरा बरणीत, सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात, सीलबंद होऊन प्रयोगशाळेला जातो आणि अहवालाची वाट बघण्यात आठवडे, कधी महिने जातात.

आणि शेवट. खुनी चौकीत सगळं कबूल करतो, इन्स्पेक्टर फाइल बंद करतो. ‘पोलिसापुढची कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही,’ काका म्हणाले. १८७२ च्या पुरावा कायद्यापासून हे असंच आहे, नव्या साक्ष अधिनियमातही तसंच. चालतो तो कबुलीचा तेवढाच भाग, ज्याच्यामुळे एखादी वस्तू पोलिसांच्या हाती लागते. आणि त्यासाठी निवेदन पंचनामा लागतो, म्हणजे आरोपीचं म्हणणं पंचांसमोर लिहून घ्यावं लागतं, पंच लागतात. ‘पंच शोधणं हेच अर्धं काम. कबुलीवर भागत असतं तर मी रोज पाच वाजता घरी जेवायला आलो असतो.’ अकस्मात मृत्यूची नोंद नाही, मरणोत्तर पंचनामा नाही, प्रेत वाड्यातून थेट शवविच्छेदनाला. काकांचा आवाज चढत गेला, आम्ही हसत गेलो. निराशेची जागा मौजेने घेतली होती.

तेव्हा कट्ट्यावरची सगळ्यात लहान सभासद बोलली. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, सहसा ऐकतच बसायची.

‘काका, हे सगळं बरोबर असतं तरी मला पुस्तक आवडलं नसतं.’

‘का गं?’

‘त्याने चिठ्ठी वाचली आणि आपल्याला दाखवली नाही. मग मी दोनशे पानं कशाला डोकं चालवलं? आणि माणूस मेला, पण वाड्यात कुणी रडलंच नाही. सून पण नाही. मला वाटत होतं आता कुणीतरी रडेल.’

कुणी काही बोललं नाही. चहा आला. आमचे अध्यक्ष वकील आहेत. कप उचलत ते म्हणाले, ‘ते रुचीचं झालं, बाळ. आपण पुराव्याचं बोलू.’ मी इतिवृत्तात सत्तावीस मुद्दे लिहिले. तिचं वाक्य लिहिलं नाही.

पर्याय

कार्यक्रम रद्द करावा, असं दोघांचं म्हणणं. पत्रिका वाटून झाली होती आणि लेखकांचे मेहुणे कार्यकारिणीत होते, त्यामुळे हा पर्याय दोन मिनिटांत पडला.

शाल, श्रीफळ, चार गोड शब्द आणि फराळ, हा दुसरा. आपल्याकडच्या बहुतेक लेखकभेटी अशाच होतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. ग्रंथपालबाईंचा कौल याला होता. त्यांचं म्हणणं असं, की सहासष्ट वर्षांच्या माणसाने पेन्शनमधले पैसे घालून पहिलं पुस्तक काढलंय, त्याला गावात बोलावून चारचौघांत सोलायचं कशाला? मला हे तेव्हा मिळमिळीत वाटलं होतं. आज तेवढं वाटत नाही.

तिसरा पर्याय माझा होता, उघड चर्चेचा. त्यासाठी मी वाचकाशी प्रामाणिक राहण्याच्या जुन्या नियमांचं टिपण काढलं होतं. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्याने १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसला पाहिजे. तपास करणाऱ्याला सापडलेला धागा लगेच वाचकापुढे आला पाहिजे. गूढ, कुणालाच माहीत नसलेलं विष नको. जुळे भाऊ आधी तयारी केल्याशिवाय आणू नका. अर्धे थट्टेत लिहिलेले हे नियम पुढे मोठमोठ्यांनी मोडले, आणि मोडूनही उत्तम लिहिलं. पण त्यांच्या मुळाशी एक साधा करार आहे. लेखक फसवेल, पण पत्ते टेबलावर ठेवून फसवेल. शेवट कळल्यावर वाचकाने पहिल्या पानाकडे परत जावं आणि कपाळावर हात मारावा: हे तर इथेच लिहिलं होतं! आमच्या पुस्तकात परत जाऊन बघायला काही नव्हतंच. पुस्तकाने तो करार पान ६१ वर एकदा आणि २६४ वर पुन्हा मोडला होता. त्या मुलीने नॉक्सचं नावही ऐकलेलं नसताना नेमकं तेच सांगितलं होतं, आणि टिपण हातात असून मला ते जुळलं नाही.

चौथा पर्याय वकीलसाहेबांचा. कार्यक्रमाआधी लेखकांना खासगी पत्र पाठवायचं, त्यात काकांचे मुद्दे द्यायचे, आणि कार्यक्रमाचं रूप बदलायचं. ‘रहस्यकथा आणि खरा तपास’, लेखक आणि फौजदारकाका दोघे व्यासपीठावर. कुणाचा अपमान नाही, गावाला काही नवं ऐकायला मिळेल. हा सगळ्यांना पटला.

काय केलं

पत्र मी लिहिलं. तीन पानी, आदराने, मुद्दे कलमवार. मसुद्यात शेवटी एक परिच्छेद चिठ्ठीबद्दल होता. टंकायला बसले तेव्हा तो काढला. कारण सांगायला सोपं आहे: सायनाइडची चूक दाखवली तर माणूस ‘अरे हो’ म्हणतो. ‘तुमच्या पुस्तकात कुणी रडत नाही’ याला काय म्हणेल? कलमाचा आकडा बदलता येतो, आकडा सांगणाऱ्यालाही त्रास नसतो. दुसरं सांगायचं तर समोर बसावं लागतं, आणि बहीण उद्या सकाळी दूध घ्यायला येणारच असते.

लेखकांचा फोन तिसऱ्या दिवशी आला. मी शब्द जुळवून बसले होते. ते म्हणाले, ‘मॅडम, इतकं बारकाईने वाचलंत! माझ्या घरच्यांनी पण वाचलं नाही एवढं.’ त्यांचा आवाज भरून आला होता. पुढे मला काही बोलवलं नाही.

कार्यक्रम फर्मास झाला. साठ-सत्तर माणसं आली, काकांनी हशे घेतले, लेखक स्वतः वहीत टिपून घेत होते. प्रश्नोत्तरांत मागून एकाने विचारलं, ‘सर, खुनी इतका शेवटी का आणला?’

‘वाचकाला धक्का बसावा म्हणून!’ लेखक म्हणाले.

टाळ्या पडल्या. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. पुढचा प्रश्न विचारायची संधी माझ्याइतकी कुणालाच नव्हती: धक्का बसला की फसवल्यासारखं वाटलं? मी घड्याळ पाहिलं आणि आभारप्रदर्शनासाठी नाव पुकारलं.

परिणाम

कुणी दुखावलं नाही. वाचनालयाला चार नवे सभासद मिळाले, फौजदारकाकांना दोन शाळांची निमंत्रणं आली. पुस्तकाच्या पाच प्रती मात्र कपाटात बसून राहिल्या.

पुढच्या कट्ट्याला ती मुलगी आली नाही. परीक्षा होती म्हणे. त्या दिवशी आमचे सर्वांत वडील सभासद, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, अर्नाळकरांचं एक पुस्तक चाळत बसले होते. मध्येच म्हणाले, ‘यात कुठाय पंचनामा? कुठाय व्हिसेरा? आणि आम्ही रात्र रात्र वाचायचो, कंदिलाची काच काळी होईपर्यंत.’ कुणी त्यावर बोललं नाही, पण वहीतले सत्तावीस मुद्दे त्या एका वाक्याने खाली बसले. तपशिलाच्या चुका वाचक माफ करतो, फक्त त्याला गोष्टीत ओढून घेतलं पाहिजे. आम्हाला चुका दिसल्या त्या ओढलं न गेल्यामुळे. काकांनाही तारीख टोचली कारण रिकामं बसून तारीख बघायला त्यांना वेळ होता.

वेगळं काय करता आलं असतं

आता आम्ही आधी एकच प्रत मागवतो आणि तिघांनी वाचल्याशिवाय पुढचं ठरवत नाही. लेखक ओळखीचा असेल तर चौथा वाचक बाहेरगावचा. हे सोपं होतं, लगेच झालं.

पत्राचं मात्र अजून मनात घोळतं. आज लिहिलं तर सत्तावीस मुद्दे तिसऱ्या पानावर जातील. पहिल्या पानावर एवढंच असेल: पान ६१ वरची चिठ्ठी उघडा, वाचकाला वाचू द्या, आणि मग बघा पुढची दोनशे पानं उभी राहतात का. दिवाणजीला किंवा शिक्षकाला खुनी करून बघा. आणि म्हातारा मेल्यावर स्वयंपाकघरात काय झालं, ते एकदा लिहा.

ते त्यांना झेपलं असतं का? चिठ्ठी उघडायची तर कादंबरी मुळापासून पुन्हा लिहायला लागते. ग्रंथपालबाई आजही म्हणतात की मी तो परिच्छेद काढला हे बरंच झालं, नाहीतर त्यांनी पुन्हा लेखणी उचलली नसती. असेलही. पण त्या मुलीचं वाक्य आम्ही रुचीच्या खात्यात टाकलं, याचं समर्थन मला करता येत नाही. त्या बैठकीत पुस्तकाबद्दल बोललेली ती एकटीच होती. आम्ही बाकीचे पोलीस खात्याबद्दल बोलत होतो.

दुसरी आवृत्ती

गेल्या दिवाळीच्या सुमारास कुरिअर आलं. ‘सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती’, ३०४ पानं. मनोगतात वाचनालयाचे, फौजदारकाकांचे आणि माझे जाहीर आभार.

खून आता डिसेंबरात होतो, त्यामुळे परमिट रूम उघडी आहे. पेढ्यात सायनाइडऐवजी कीटकनाशक. डॉक्टर म्हणतात, ‘रात्री दहा ते दोनच्या दरम्यान.’ अकस्मात मृत्यूची नोंद होते, दोन पंच येतात, त्यांना चहाही मिळतो. कलम १०३. कमिशनर गेले, अधीक्षक आले. व्हिसेराचा अहवाल यायला सात आठवडे लागतात आणि त्या सात आठवड्यांत काहीच घडत नाही. कबुलीनंतर निवेदन पंचनामा करून विषाची बाटली उसाच्या फडातून काढली जाते. काकांनी वही काढून एकेक मुद्द्यावर बरोबरची खूण केली. सत्तावीसपैकी सत्तावीस.

मी पान ६१ उघडलं. चिठ्ठी तिथे नव्हती. क्षणभर बरं वाटलं. मग पान ६४ वर सापडली. ‘मी ती वाचली. माझ्या पायाखालची जमीन सरकली. घडी घालून मी ती खिशात ठेवली.’

संध्याकाळी लेखकांचा फोन आला. ‘काय मॅडम, आता जमलीय ना?’

‘सर,’ मी म्हणाले, ‘कायद्याची एकही चूक राहिलेली नाही.’